देदाने लपवलेली चूक

लुमीर होलुबला चुका लपवण्याची मोठी हौस होती, आणि या हौसेबद्दल सगळं ब्रेनिक गाव त्याला नावाजत असे. दरवर्षी जूनमधल्या एका शनिवारी गावच्या हौशी वैमानिकांचं मंडळ मुलांना फुकट विमानात बसवतं. पण बसण्याआधी मुलाने वैमानिकाबरोबर विमानाभोवती एक पूर्ण फेरी मारायची, प्रत्येक भागाला हात लावून बघायचं आणि वैमानिकाने मुद्दाम करून ठेवलेली एक चूक शोधून काढायची. चूक सापडली की उड्डाण. बाकीचे वैमानिक मनाने दयाळू होते. कुणी चाकाखालचा ठोकळा तसाच ठेवी, कुणी मागचं दार सताड उघडं टाकी, पोर लांबूनच ओरडे, "सापडली!" लुमीरला हा बाळबोधपणा मंजूर नव्हता. तो शेपटीच्या सांध्यात बोटभर चिंधी खोचून ठेवायचा, आणि पोरगं गवतात गुडघ्यांवर रांगून रांगून हिरवं झालं की मग मिशीतल्या मिशीत हसायचा.

"लुमीर, मुलांना विमानाची गोडी लावायची आहे आपल्याला, पोलिसात भरती नाही करायची," वॉनिटा शीपेक त्याला म्हणायची. वॉनिटा मंडळाची अध्यक्ष. स्वतः उत्तम वैमानिक, आणि आवाज असा की लाऊडस्पीकर ती नुसता शोभेला हातात धरते असं लोक म्हणत.

"गोडी अशीच लागते," लुमीर म्हणायचा. "जे हाताने तपासलं ते आपलं वाटतं. नुसतं बसवून फिरवलं तर विमानात आणि जत्रेतल्या पाळण्यात फरक काय?"

म्हाताऱ्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्याच्या हाताखालून गेलेली एक मुलगी आता ओमाहाहून मालवाहू विमान नेते, आणि सुट्टीला घरी आली की अजून त्या चिंधीवरून त्याला शिव्या घालते. गावातल्या निम्म्या पोरांना पहिल्यांदा ढगाजवळ नेलं ते लुमीरने. जन्मभर शेतांवर औषध फवारणारं विमान चालवलं, जोडीला तरुणपणीच चार जणांचं एक पांढरं विमान घेतलं, आणि निवृत्त झाल्यावर ते घेऊन मुलांच्या मागे लागला. आणि इतकं सगळं करून ज्या एका पोरीला वर न्यायला तो झुरत होता, ती मात्र जमिनीवरच होती. ती पोरगी म्हणजे त्याची नात मार्नी.

मार्नी आठ वर्षांची. तिची आई जोलीन, म्हणजे लुमीरची मुलगी, त्याची लाडकी 'जो', तासाभरावर लिंकनला दाताच्या दवाखान्यात काम करायची. लुमीरने दर वर्षी विचारावं आणि जोलीनने दर वर्षी म्हणावं, "थोडी मोठी होऊ दे." जोलीन स्वतः बारा वर्षांची झाल्यापासून बापाच्या विमानात बसली नव्हती. लुमीरचा यावर एक सिद्धांत होता. जोलीन भित्री, तिच्या आईवर गेली. हा सिद्धांत त्याने दुकानात, चर्चमध्ये, न्हाव्याकडे, सगळीकडे ऐकवला होता. फक्त जोलीनला कधी ऐकवला नव्हता.

या वर्षी गाडी पुढे सरकली ती मार्नीमुळेच. मार्चपासून जोलीनला शनिवारीही कामावर जावं लागे, म्हणून ती मार्नीला सकाळी आजोबांकडे सोडून जायची. घरी बसा, चित्रं काढा, असं ठरलेलं. आजोबा-नात गाडी वळणाआड जाईपर्यंत खिडकीत उभे राहून हात हलवायचे आणि मग थेट हँगर, म्हणजे विमान ठेवायची शेड, गाठायचे. तिथे मार्नी उलट्या बादलीवर बसून पंखांवर चिकटलेले किडे पुसायची आणि प्रश्न विचारायची. प्रश्न असे, की लुमीरला कधीकधी घरी जाऊन पुस्तक उघडावं लागे. पोरीचा त्याला असा लळा लागला होता की शुक्रवारी संध्याकाळपासूनच त्याचं चित्त थाऱ्यावर नसे. मे महिन्यात मार्नीने आईला सांगून टाकलं, की मी देदाबरोबर उडणार आहे. देदा म्हणजे आजोबा. त्या गावातल्या जुन्या बोहेमियन, म्हणजे चेक वंशाच्या, घरांत अजून तसंच म्हणतात.

जोलीन त्या रविवारी बापाच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. ईस्टरला लुमीरने किटली चुलीवर विसरून तिचं बूड जाळलं होतं. ती काळी किटली अजून खिडकीत होती.

"हे काय आहे, बाबा?"

"किटली."

"किटली होती. हल्ली तू विसरतोस."

"किटली विसरलो. विमान वेगळं. विमानात मी कधी काही विसरत नाही."

"ठीक आहे. मार्नीला ने. पण एक कबूल कर. त्या दिवशी तुझ्याकडून काहीही राहिलं, इतकंसं जरी, तरी मला तोंडावर येऊन सांगायचं. आणि मग तिला घेऊन उडायचा विषय कायमचा बंद."

"कबूल," लुमीर म्हणाला. कबूल न करायला त्याला कारणच दिसत नव्हतं.

तो शनिवार उजाडला तो अगदी मागवून घेतल्यासारखा. वारा नाही, ढग नाहीत, धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर मका. मंडळाची माणसं पत्र्याच्या हँगरमध्ये पॅनकेक आणि सॉसेज भाजत होती. म्हाताऱ्या बायकांनी आलुबुखारचे आणि खसखशीचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, ताटं भरभरून आणले होते. पोरांची रांग कुंपणापर्यंत गेली होती.

लुमीर सगळ्यांच्या आधी येऊन आपली चूक लपवून बसला होता. नातीसाठी म्हणून यंदा त्याने खास डोकं चालवलं होतं. विमानाच्या डाव्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते. उडताना तिच्यात हवा शिरते, म्हणून वैमानिकाला समोरच्या काट्यावर वेग कळतो. गांधीलमाश्यांनी आत घर करू नये म्हणून जमिनीवर असताना तिला टोपी घालतात, आणि टोपी काढायची विसरू नये म्हणून तिला हातभर लांब लाल फीत लटकत असते. लुमीरने टोपी तशीच ठेवली आणि फीत मात्र घडी घालून टोपीच्या पोटात कोंबली. पंखाच्या सावलीत ती करडी टोपी नळीचाच भाग वाटत होती. स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश झाला की त्याने एकट्यानेच दोन कोलाचे खाल्ले.

मार्नी आली ती त्याचीच जुनी टोपी घालून. टोपी कानांवर टेकली होती. जोलीनने सकाळपुरती रजा काढली होती, ती कॉफीचा कप घेऊन कुंपणापाशी थांबली.

"चल, देदा. कुठे लपवलीस?"

"सांगून लपवतात का? फेरी कुठून सुरू?"

"डाव्या दारापासून. मग शेपटी, मग उजवा पंख, मग नाक, शेवटी डावा पंख. मध्ये कुणी हाक मारली, फेरी तुटली, तर परत पहिल्यापासून."

"शाबास."

"आणि मी तुझा चेहरा बघणार आहे. चूक जवळ आली की तुझी मिशी हलते."

लुमीरने मिशीवर हात ठेवला आणि तसाच चालू लागला. मार्नीने शेपटी हलवून बघितली. "हलते. हलायलाच पाहिजे." चाकावर लाथ मारली, टायरला कान लावला. उजव्या पंखाच्या कडेवरून बोट फिरवत गेली. प्रत्येक ठिकाणी मान वर करून मिशीकडे बघत होती, आणि मिशीवर हात ठेवून म्हातारा इतक्या गंभीरपणे चालत होता की कुंपणापाशी जोलीनलासुद्धा हसू आवरेना.

मग नाक. मार्नीने बादली ओढली, तिच्यावर चढली आणि पुढच्या पंख्याच्या पात्याशेजारी इंजिनात हवा जाण्यासाठी जे भोक असतं त्यात टॉर्च मारला.

"देदा, आत गवत आहे."

"कसलं गवत?"

"गवत म्हणजे गवत. आणि एक कागदाची पट्टी."

लुमीरचा हात मिशीवरून खाली आला. त्याने आत हात घातला, आणि मूठभर काड्या बाहेर आल्या, मग आणखी मूठभर. पाखरांनी घरटं बांधायला घेतलं होतं. गुरुवारी त्याने स्वतः इंजिन चालवलं होतं तेव्हा आत काही नव्हतं. दीड दिवसात त्या बहाद्दरांनी अर्धा संसार मांडला होता. अंडी नव्हती. पण हे घेऊन वर गेले असते तर तापलेल्या इंजिनावर सुकं गवत, म्हणजे पुढे काय झालं असतं हे सांगायला वैमानिक लागत नाही.

"वॉनिटा!" लुमीर ओरडला. "वॉनिटा, इकडे ये! बघ माझ्या नातीने काय शोधलं!"

सगळे धावत आले. लुमीरने घरटं आपल्या टोपीत घालून प्रत्येकाच्या नाकासमोर धरलं.

"या वर्षी भलतीच मोठी चूक लपवलीस की," कुणीतरी म्हणालं.

"मी नाही लपवली! खरी आहे, खरी! पाखरांनी केलंय. माझ्या नजरेतून सुटलं असतं, हिच्या नाही सुटलं!"

वॉनिटाने लाऊडस्पीकरवरून सांगितलं, की होलुब घराण्यात शेवटी एक शहाणं माणूस जन्माला आलं आहे. टाळ्या झाल्या, फोटो झाले. जोलीन कुंपण ओलांडून आली, घरटं बघितलं, मग लेकीकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून लुमीरचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत जोलीन त्या हँगरजवळ अशा चेहऱ्याने उभी राहिलेली त्याला आठवत नव्हती. वॉनिटाने इंजिनावरचं झाकण उघडलं, काडी न् काडी वेचून काढली, टॉर्च मारून दोनदा बघितलं आणि झाकण लावलं. मार्नीला कुणीतरी खसखशीचा कोलाचा दिला, कुणी पाठ थोपटली.

"बसा आता, बसा," वॉनिटा म्हणाली. "रांग वाढतेय."

बसले. मार्नीच्या खाली दोन उशा, कानावर हेडफोन. लुमीरने पट्टा आवळला, खिडकीतून डोकं बाहेर काढून "बाजूला व्हा!" म्हणून हाळी दिली, आणि किल्लीला हात घातला. आयुष्यात त्याने ती किल्ली किती वेळा फिरवली असेल, पण आजच्याइतक्या आनंदाने कधीच नाही.

"थांब, देदा."

विमानात बसलेलं कुणीही 'थांब' म्हणालं की वैमानिकाने थांबायचं, वाद घालायचा नाही, हे लुमीरनेच तिला शिकवलं होतं. त्याने हात काढून घेतला.

"काय झालं, बाळा? भीती वाटतेय? वाटू दे. नसेल जायचं तर नाही जायचं."

"भीती नाही. तू लपवलेली चूक कुठाय?"

"सापडली की. घरटं."

"ते पाखरांचं होतं. तूच म्हणालास, मी नाही लपवली. मग तुझी कुठाय?"

लुमीरने मान डावीकडे वळवली. पंखाखाली, त्याने जिथे ठेवली होती तिथेच, ती करडी टोपी शांतपणे बसली होती. नाकापाशी फेरी तुटली, गर्दी झाली, टाळ्या झाल्या, आणि डाव्या पंखाकडे कुणी गेलंच नाही. तिथे इतके वैमानिक जमले होते, एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि ज्याने स्वतःच्या हाताने ती टोपी ठेवली होती, तो तर नातीच्या कौतुकात पार बुडून गेला होता.

"डावा पंख राहिला," तो कसाबसा म्हणाला.

मार्नी पट्टा सोडून उतरलीसुद्धा. तिने पंखाखाली जाऊन नळी पकडली, टोपी ओढली, आतून लाल फीत सुरळीसारखी उलगडत बाहेर आली, आणि ती नाचू लागली.

"सापडली! सापडली! फीत आत कोंबली होती! लबाड!"

कुंपणापाशी लोक पुन्हा टाळ्या वाजवू लागले. जोलीनही वाजवत होती. "शाबास, मार्नी!" ती ओरडली.

आणि तेव्हा लुमीरच्या लक्षात आलं, की कुणालाच काही कळलेलं नाही. सगळ्यांच्या लेखी हा खेळच होता. म्हाताऱ्याने चूक लपवली, पोरीने शोधली, संपलं. किल्लीवर त्याचा हात होता हे कुंपणावरून दिसण्याजोगं नव्हतं. आता फक्त मार्नीने परत चढायचं आणि निघायचं. वेगाचा काटा नसता तरी त्याने विमान उतरवलं असतं. हवेचा आवाज ऐकून, पायांखालचा अंदाज घेऊन. असं त्याने स्वतःला सांगून बघितलं, आणि मग शेजारच्या दोन उशांकडे त्याचं लक्ष गेलं. उतरवलं असतं कदाचित. हे 'कदाचित' त्या उशांवर बसवायचं?

"आता जाऊ या, देदा?" मार्नीचे गाल लाल झाले होते.

"एक मिनिट," तो म्हणाला. किल्ली काढून त्याने खिशात टाकली आणि खाली उतरला.

विमानापासून कुंपणापर्यंतचं अंतर काही फार नाही, पण लुमीरला ते जड गेलं. जोलीन हसत होती. ते हसू आपण आता घालवणार, या विचाराने त्याला रडू येईल असं वाटलं.

"जो, तुला काही सांगायचंय."

"अरे, काय हुशार आहे ती! ती टोपी तर मलासुद्धा..."

"ती खेळातली चूक नव्हती. म्हणजे होती, मीच ठेवली होती. पण मी विसरलो. घरट्याच्या गडबडीत साफ विसरलो. माझा हात किल्लीवर होता. मार्नीने थांब म्हटलं म्हणून थांबलो."

जोलीनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"तुला कबूल केलं होतं, म्हणून सांगतोय," लुमीर म्हणाला. त्याने किल्ली खिशातून काढली आणि मागून आलेल्या वॉनिटाच्या हातात ठेवली. "तू ने तिला. आज हवा चांगली आहे, पोरगी एवढी तयार होऊन आलीय. आईची परवानगी असेल तर ने. मी नाही नेणार. आज नाही आणि पुढेही नाही. कुठल्याच मुलाला नाही."

वॉनिटाला काहीतरी चेष्टेचं बोलायचं होतं, तोंडापर्यंत आलंही होतं, पण म्हाताऱ्याचं तोंड बघून तिने ते गिळलं. "टोपी तर माझ्याही लक्षात आली नाही रे," ती एवढंच म्हणाली.

तोवर मार्नी धावत आली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

"मी देदाबरोबरच जाणार!"

"देदा नाही चालवणार आज, सोनू," जोलीन म्हणाली.

"नको चालवू दे. मागे दोन सीट रिकाम्या आहेत. देदा मागे बसेल."

जोलीनने बापाकडे बघितलं. जरा विचित्रच बघितलं. "मागे बसशील?" तिने विचारलं.

"बसेन की," लुमीर म्हणाला.

वॉनिटाने फेरी पहिल्यापासून मारली, मार्नीला बरोबर घेऊन, डावा पंखसुद्धा. मग निघाले.

स्वतःच्या विमानात लुमीर कधी मागे बसला नव्हता. मागची जागा एवढीशी. गुडघे हनुवटीला लागायचे बाकी होते. समोरचा एकही काटा दिसत नव्हता. दिसत होती ती वॉनिटाची वेणी आणि कानांवर टेकलेली टोपी. विमान धावपट्टीवर पळू लागलं तसा त्याचा उजवा पाय आपोआप दाबला गेला, आणि तिथे दाबायला काही नव्हतं. चाकं सुटली तेव्हा त्याने सीटची कड घट्ट धरली. या माणसाने मक्यावरून डोक्याएवढ्या उंचीवर विमान नेलं होतं, विजेच्या तारांखालून नेलं होतं, आणि आता तो आगगाडीत पहिल्यांदा बसलेल्या आजीबाईसारखा कड धरून बसला होता. पुढे त्या दोघी काय बोलत होत्या तेही त्याला धड ऐकू येत नव्हतं. मागच्या हेडफोनची तार केव्हाची सैल होती, हे मालकाला त्या दिवशी कळलं.

पण दर थोड्या वेळाने मार्नी मागे वळून ओरडत होती. उशांवरून, पट्ट्यातून, मान मुरडून.

"देदा, नदी दिसली?"

"दिसली! पुढे बघ, पुढे!"

"देदा, तुझं घर! किटली पण दिसेल!"

"गप! पुढे बघ म्हटलं ना!"

ती पुढे बघायची आणि पुन्हा वळायची. मग वॉनिटाने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात वर करून दाखवले, विमान जरा डुललं, आणि पोरगी किंचाळली, "मी चालवतेय! देदा, बघतोयस ना? मी!" लुमीर बघत होता. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि पुसावं असंही त्याला वाटलं नाही. पोरीच्या दंडाची बेटकुळी बघून त्याला हसूही येत होतं. दोन बोटांनी धरायचं ते स्टिअरिंग तिने बैलाची शिंगं धरावीत तसं धरलं होतं.

उतरल्यावर मार्नी कोलाच्यांकडे पळाली, सगळ्यांना सांगायला. जोलीन विमानापाशी आली. लुमीर मागच्या जागेतून बाहेर पडण्याच्या खटपटीत होता. तिने हात दिला.

"कसं होतं मागे?"

"काही विचारू नकोस. काही दिसत नाही. पुढच्यांची डोकी दिसतात नुसती. ऐकू येत नाही. पाय कुठे ठेवायचे कळत नाही."

"डावा पाय सीटखाली घालायचा, उजवा तिरका. मग जमतं."

"तुला कसं ठाऊक?" लुमीर म्हणाला.

"बारा वर्षांची होईपर्यंत तिथेच बसले मी, बाबा," जोलीन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पुढे कायम डॅनी. डॅनी डुलक्या काढायचा, डॅनी कंटाळायचा, तरी पुढे डॅनी. 'जो, तू मागे बस, तुला भीती वाटेल.' दर वेळी. मला एकदाही भीती वाटली नाही. फक्त तू कधी मागे वळून बघितलं नाहीस. मग मी यायचंच सोडलं."

डॅनी म्हणजे लुमीरचा मुलगा. आता ॲरिझोनात पोहण्याच्या तलावांच्या फरश्या विकतो, आणि विमानाने यायचं म्हटलं की ओकारीची गोळी घेतो.

"मला वाटायचं, तू भित्री आहेस," लुमीर म्हणाला. "मी सगळ्या गावाला सांगत फिरलो."

"माहितीये. न्हाव्याने मला सांगितलं."

लुमीरने विमानाच्या पंखावर हात ठेवला. तो म्हणाला, "चुकलो, जो. फार मोठं चुकलो."

"हो," जोलीन म्हणाली. तिने कपातली गार कॉफी गवतावर ओतली. "दर शनिवारी आता काय करणार मग? उडणार नाहीस म्हणालास."

"मुलांना घेऊन नाही उडणार. फेऱ्या मारीन त्यांच्याबरोबर. चुका लपवीन. ते जमिनीवरचंच काम आहे."

"मार्नीला आणून सोडेन. इथेच, हँगरवर. खिडकीत उभं राहून हात हलवायची नाटकं नकोत, मला सगळं माहीत असतं."

"पण तू तर म्हणाली होतीस, विषय कायमचा बंद."

"उडायचा बंद. तिला एवढं सगळं कुणी शिकवलं? आणि तू आज गप्प बसला असतास तर मला आयुष्यात कळलं नसतं, बाबा." तिने त्याच्या दंडावर चापट मारली, जरा जोरातच, आणि निघून गेली.

लुमीरला वाटलं, कॉफी आणायला गेली. त्याने चाकाखाली ठोकळे लावले, घाम पुसला, सीटवरच्या उशा सारख्या केल्या. वर बघतो तो जोलीन कॉफीकडे गेलीच नव्हती. ती पोरांच्या रांगेत उभी होती. पुढे एक दात पडलेला मुलगा, मागे दोन वेण्यांची एक मुलगी, आणि मध्ये ही, दवाखान्याचे पांढरे बूट घालून, हाताची घडी घालून.

दात पडलेल्याने तिला खालून वरपर्यंत बघून घेतलं. "तू कोणाची आई आहेस?"

"आज आई म्हणून नाही उभी राहिले. तो मिशीवाला दिसतोय ना, त्याची मुलगी आहे मी."

पोराने थोडा विचार केला. "बरं. पण माझ्या पुढे नाही घुसायचं."

"नाही घुसणार."

वॉनिटा लाऊडस्पीकर काखेत मारून लुमीरजवळ आली. "तुझी पोरगी रांगेत उभी आहे. पुढची सीट हवी म्हणते. अरे, मुलांचा कार्यक्रम आहे हा. सतरा वर्षांच्या वर घेत नाही आपण, नियम तुझाच आहे. तिला आता फार उशीर झाला."

"उशीर माझ्यामुळे झालाय," लुमीर म्हणाला. "तिचं नाव लिही."